चायनीज हॉटेलात गिऱ्हाईक परत कशाने येतं? मुंबईतल्या छोट्या मालकांसाठी पायरीपायरीने

मुंबईत चायनीजचं नवं हॉटेल उघडतं तेव्हा पैसा आधी दर्शनी भागावर जातो. लाल कंदील, भिंतीवर ड्रॅगन, जाडजूड मेनूकार्ड, त्यात दीड-दोनशे पदार्थ. सुरुवातीला ओळखीपाळखीचे, शेजारच्या सोसायटीतले, नवं काय आहे म्हणून डोकावणारे असे सगळे येतात. मग खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या की मालक आणखी पन्नास पदार्थ वाढवतो, नाहीतर ॲपवर अर्ध्या किमतीची ऑफर टाकतो. दोन्हीचा उपयोग होत नाही. छोट्या हॉटेलांच्या कामाची घडी बसवून देणं हा माझा धंदा आहे आणि चायनीजबाबत माझं मत ठाम आहे. नवं म्हणून गिऱ्हाईक एकदाच येतं. परत येतं ते मागच्या वेळी खाल्लं तेच, तसंच आणि तेवढ्याच वेळात मिळेल या भरवशावर.

अभ्यासकही याच्या जवळपासच पोचले आहेत. माणूस काय अपेक्षा धरून आला आणि त्याला काय मिळालं, या दोहोंतल्या फरकावर समाधान ठरतं, हा अमेरिकन अभ्यासक रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० साली मांडलेला विचार आजही वापरात आहे. २००९ साली लिउ आणि जांग या दोघांचा अमेरिकेतल्या चायनीज रेस्टॉरंटांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात खाण्याचा दर्जा, सेवेतला भरवसा आणि जागेची स्वच्छता या तीन गोष्टी वर आल्या. स्वच्छता आणि गिऱ्हाइकाकडे लक्ष देणं यांत सुधारणेला वाव आहे, असंही निघालं. तिकडचं चायनीज वेगळं, आपलं वेगळं, पण परळमधल्या तीस खुर्च्यांच्या हॉटेलात वेगळं काही घडत नाही. खालच्या पायऱ्या क्रमाने घ्या. चव मापात येण्याआधी सर्व्हिसच्या मागे लागलात तर बेचव नूडल्स फक्त लवकर टेबलावर जातील.

१. गिऱ्हाइकाच्या जिभेवर कोणतं चायनीज आहे, ते आधी ओळखा

मुंबईत चिनी माणसं जुनी. माझगावात डॉकयार्ड रोडजवळ त्यांचं देऊळ १९१९ पासून आहे. चर्चगेटचं कामलिंग, कुलाब्याचं नानकिंग ही जुनी नावं, तिथलं खाणं दक्षिण चीनमधल्या कॅन्टनच्या वळणाचं, सौम्य. १९७३ साली ताजमध्ये गोल्डन ड्रॅगन सुरू झालं आणि सेचुआन प्रांताचं तिखट खाणं शहरात आलं. मग कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वँग यांनी १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन केलं. आलं, लसूण, हिरवी मिरची हा आपल्या ओळखीचा पाया, पण गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस आणि दाटपणाला कॉर्नफ्लोअर. त्या एका कल्पनेतून पुढे गल्लीगल्लीत चायनीजच्या लाल गाड्या उभ्या राहिल्या. ट्रिपल शेझवान आणि चायनीज भेळ चीनमध्ये कोणी ओळखणार नाही आणि त्याने काही बिघडत नाही.

आपल्या शेझवानमध्ये सेचुआनचं, जिभेला मुंग्या आणणारं मिरं नसतंच. गंमत म्हणजे कोकणात बांगड्याच्या आमटीत पडणारं तिरफळ हे त्याच मिऱ्याचं भावंड. एका हौशी मालकाने ते खरं मिरं आणून राईसमध्ये घातलं. पहिल्याच रात्री दोन टेबलांवरून विचारणा झाली, "जीभ बधिर झाली, मसाला जुना आहे का?" पदार्थ अस्सल होता, अपेक्षा दुसरीच होती.

तेव्हा मेनू लिहिण्याआधी आपल्या वस्तीत हिंडा. आसपासच्या वीसेक जणांना एवढंच विचारा, की चायनीज म्हटल्यावर तुम्ही काय मागवता आणि कुठलं आवडतं. गिरणगावात, डोंबिवलीत बहुतेकांच्या तोंडी लॉलीपॉप, ट्रिपल राईस, मंचाव सूप, क्रिस्पी येईल. पवई-वांद्र्याकडे डिमसम आणि बर्न्ट गार्लिकही येईल. या दोन गिऱ्हाइकांना एकाच मेनूत खूश करता येत नाही. गाडीवरच्या चवीची माणसं असतील तर ती चव स्वच्छ भांड्यात आणि बसायला जागा देऊन द्या, त्यातच तुमचा फायदा आहे.

आणि मेनू चाळीस पदार्थांवर थांबवा. प्रत्येक जास्तीच्या पदार्थामागे फ्रीजमध्ये एक डबा वाढतो. आठवड्यातून दोनदा खपणाऱ्या डिशसाठी आणलेलं बेबीकॉर्न बुळबुळीत होतं आणि नेमकं तेच एखाद्या दिवशी चांगल्या गिऱ्हाइकाच्या ताटात जातं.

२. चव उस्तादाच्या मनगटातून काढून वजनकाट्यावर आणा

बाकी सगळं एकीकडे आणि ही पायरी एकीकडे. मुंबईच्या चायनीज भट्टीवर नेपाळ, दार्जिलिंग, ईशान्य भारत, उत्तराखंड, बंगाल इथली मुलं उभी असतात. हात जबरदस्त चालतो, पण चार पैसे जास्त मिळाले की माणूस पुढच्या नाक्यावर. नेपाळी कारीगर दसऱ्याच्या सुमारास दशैं या त्यांच्या सणासाठी गावी जातो आणि दिवाळीपर्यंत परततो किंवा परतत नाही. त्या काळात काउंटरवर हमखास कानावर येतं, "कारीगर बदललात का?" गिऱ्हाइकाने हा प्रश्न विचारला की समजा, तुमच्या हॉटेलाची चव तुमच्या मालकीची नव्हती.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. तीन गोष्टी दिवसाच्या सुरुवातीला वजन करूनच बनल्या पाहिजेत: शेझवान सॉस, मंचुरियन-चिलीसाठीचं सॉसचं मिश्रण आणि सूपचा स्टॉक.

शेझवानचं उदाहरण घ्या. रंगाची मिरची आणि जाळाची मिरची वेगळी मोजा. तीन भाग ब्याडगी किंवा काश्मिरी, एक भाग तिखट मिरची. देठ आणि बऱ्याचशा बिया काढून गरम पाण्यात भिजवा, बारीक वाटा. तेलात बारीक चिरलेला लसूण आणि निम्म्याहून कमी आलं मंद आचेवर परता. लसूण लाल होऊ द्यायचा नाही, नाहीतर अख्खं पातेलं कडू. वाटण घालून तेल कडेला सुटेपर्यंत शिजवा, मग व्हिनेगर, मीठ, चिमूटभर साखर. गार करून झाकणाच्या डब्यात, डब्यावर तारीख, डबा फ्रीजमध्ये. तेलात बुडवलेला लसूण ओट्यावर दिवसेंदिवस ठेवणं विषबाधेला आमंत्रण आहे, हे स्वयंपाकघरातल्या प्रत्येकाला सांगा. प्रमाण एकदा जमलं की कागदावर लिहा, प्लास्टिक चढवा आणि भिंतीवर लावा. हे प्रमाण मालकाने स्वतः एकदा करून पाहिलेलं असावं.

मग प्रत्येक खपाऊ पदार्थाचं एक कार्ड करा. नमुन्यादाखल, एक फुल शेझवान राईस: शिजलेला भात ३५० ग्रॅम, भाज्या ८० ग्रॅम, लसूण १० ग्रॅम, तेल ३० मिली, शेझवान सॉस ४५ ग्रॅम. आकडे तुमचे तुम्ही ठरवा, पण ठरले की हलवू नका. रात्री नऊला कोणी काट्यावर भात तोलणार नाही, हे खरं. म्हणून भाताला एक ठरलेला वाडगा, सॉसला एक ठरलेली पळी, तेलाला दुसरी. चार पळ्या भट्टीशेजारी टांगल्या की काटा सकाळपुरताच लागतो. उस्ताद पहिले काही दिवस तोंड वाकडं करील. त्याला मीठ-मिरपुडीचा हात मोकळा द्या, बाकी पळीनेच.

भाताचं वेगळं सांगतो, कारण चायनीजमध्ये फसतं ते बहुधा भातात. तांदूळ जुना घ्या, अर्धा तास भिजवा, भरपूर उकळत्या पाण्यात चौदा आणे शिजला की उपसून पसरट ट्रेमध्ये पातळ थरात पसरा. ढीग केलात तर आतल्या वाफेने गिचका होतो. भात गार आणि कोरडा झाला की झाकून लगेच फ्रीजमध्ये टाका. इथे चवीचा नाही, तब्येतीचा मुद्दा आहे. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवण्याने मरत नाहीत. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की ते वाढतात आणि उलट्या घडवणारं विष सोडतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही, म्हणून कढईत कडक परतला तरी तो भात सुरक्षित होत नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा सगळ्या शिजलेल्या अन्नासाठी धोक्याचा पट्टा. मुंबईच्या मे महिन्यात तुमचं स्वयंपाकघर दिवसभर त्याच पट्ट्यात असतं. दुपारचा उघडा भात रात्री वापरायचा नाही, फेकायचा.

कढईत एका वेळी दोन प्लेटच टाका. चार टाकल्या की कढई निवते, भाताला वाफ सुटते आणि परतलेल्या भाताऐवजी ओलसर, फिका भात निघतो. गॅसचंही तेच. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा, तो संपत आला की जाळ मंदावतो. हे बहुधा गर्दीच्या वेळीच होतं. साडेआठला आलेल्याला धुरकट वासाचा खमंग राईस मिळतो आणि साडेनऊच्या टेबलाला तोच राईस मऊ, पांढुरका. गिऱ्हाईक म्हणतं, "आज चव नाही." उस्ताद म्हणतो, सगळं तेच घातलंय. दोघंही खरं बोलत असतात. जाळ लाल-पिवळा दिसला की वाट न पाहता सिलिंडर बदला.

कॉर्नफ्लोअरचं पाणी दर वेळी ढवळून घाला, कारण ते तळाशी बसतं. घातल्यावर ग्रेव्हीला एक सणसणीत उकळी द्या. नाहीतर पिठूळ चव राहते, आणि ती झाकायला उस्ताद आणखी सोया सॉस ओततो.

३. रंग, तेल, अजिनोमोटो: लपवाछपवी बंद

लॉलीपॉप हाताला लाल रंग लावून जातो हे आता गिऱ्हाइकाला खटकतं. कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. तपासलेल्या नमुन्यांत टार्ट्राझीनसारखे कृत्रिम रंग सापडले होते. ती बातमी मुंबईतल्या आयांनी मोबाईलवर वाचलेली आहे. ब्याडगीच्या वाटणात मुरवलेला लॉलीपॉप विटकरी दिसतो, भडक नाही. पहिला महिना लोक विचारतील, फिका का? सांगा, रंग घालत नाही. हे वाक्य वेटरला पाठ करून द्या, जाहिरातीपेक्षा जास्त चालतं.

तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारी एकूण ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम जुलै २०१८ पासून आहे. त्याचं मोजमाप करणारं यंत्र नसेल तर फेस, काळपट रंग आणि लवकर सुटणारा धूर ही लक्षणं पुरेत. चायनीजमध्ये कॉर्नफ्लोअरचा चुरा तेलात जळत राहतो, म्हणून रोज गाळल्याशिवाय तेल दुसऱ्या दिवशी जात नाही.

अजिनोमोटो हा जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळातून वेगळ्या केलेल्या चवीचा क्षार. १९६८ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात चायनीज खाल्ल्यावर मान बधिर होते, धडधडतं, असं एका डॉक्टरचं पत्र छापून आलं आणि तिथून बदनामी सुरू झाली. पुढे ज्या चाचण्यांमध्ये खाणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही कशात काय आहे ते ठाऊक नव्हतं, त्यांत हा त्रास सातत्याने दिसला नाही. त्यात सोडियमही मिठाच्या साधारण एकतृतीयांश. म्हणून त्याला विष ठरवायचं कारण नाही. तरी गिऱ्हाईक नको म्हणत असेल तर नको. वाद घालू नका.

माझा राग आहे तो "आम्ही अजिनोमोटो वापरत नाही" अशा खोट्या पाट्यांवर. बाटलीबंद सॉस आणि स्टॉकच्या वड्यांमध्ये ते बरेचदा आधीच असतं. पाकिटावरचे घटक वाचा आणि खरं तेवढंच लिहा: "वेगळं घालत नाही." एक वर्षाखालच्या बाळासाठी मात्र सूप मागितलं तर त्यात ते पडणार नाही, ही काळजी घ्या.

४. श्रावण, संकष्टी आणि जैन टेबल

मुंबईतल्या चायनीज मालकाला पंचांग लागतं. गटारीच्या दिवशी लॉलीपॉप पुरत नाहीत आणि दुसऱ्या दिवसापासून तेच गिऱ्हाईक पनीर चिली मागतं. श्रावणात, मंगळवारी, चतुर्थीला, मार्गशीर्षातल्या गुरुवारी व्हेजची मागणी वाढते आणि त्याबरोबर एक प्रश्न येतो: "कढई वेगळी आहे ना?" उपवास-वार पाळणाऱ्याच्या दृष्टीने हा चवीहून मोठा प्रश्न आहे.

वेगळी कढई, वेगळा झारा, वेगळी तळणी आणि शक्यतो भट्टीची वेगळी चूल. मुठीला हिरवी पट्टी गुंडाळली की गर्दीतही चूक होत नाही. हॉटेलात जागाच नसेल तर "वेगळी आहे" असं वेटरने ठोकून देऊ नये. स्टॉकही तपासा. व्हेज मंचाव सूपमध्ये चिकनचा स्टॉक गेल्याचं कळलं तर ते कुटुंब जातंच, त्यांची सगळी इमारत जाते. जैन ऑर्डरमध्ये कांदा-लसूणच नाही, आलं, गाजर, बटाटाही नको. तयार शेझवान सॉस तिथे चालत नाही. जैन गिऱ्हाईक भरपूर असेल अशा भागात लसणाविना वेगळा सॉस रोज थोडा बनवा. नसेल तर सरळ "होणार नाही" म्हणा.

५. रविवार रात्र, साडेआठ ते दहा

हॉटेलाचं नाव कमवायचं किंवा घालवायचं ते या दीड तासात. त्या वेळी एका कोपऱ्यात उभं राहून पाहा. आजी, आई-बाबा, दोन मुलं असं टेबल. वन बाय टू सूप दोन आले. स्टार्टर येण्याआधीच राईस आला, तो मधोमध ठेवला, कोणी हात लावत नाही. पाच मिनिटांनी ग्रेव्ही आली, तोवर राईसवर तेलाचा थर गोठल्यासारखा दिसतो. धाकट्यासाठी "बिनतिखट" सांगितलेले नूडल्स सगळ्यात शेवटी आले, तेव्हा तो आईच्या मांडीवर झोपला होता. एकही पदार्थ वाईट नव्हता. तरी बिल देताना वडिलांचा चेहरा बघण्यासारखा होता.

यावर चार कामं करा. केओटीवर, म्हणजे भट्टीकडे जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, क्रम लिहा: आधी, मग, बरोबर. लहान मुलाचं ताट नेहमी पहिलं. राईस आणि ग्रेव्ही एकाच वेळी उतरतील असंच भट्टीवर टाकायचं. आणि वेटरने ऑर्डर घेतानाच खरी वेळ सांगायची. पंचवीस मिनिटं लागणार असतील तर पंचवीस म्हणा. "दहा मिनिटं साहेब" म्हणून पंचवीस लावली तर राग येतो. तीच पंचवीस आधी सांगितली तर माणूस सूप मागवतो आणि गप्पा मारतो.

गर्दीच्या वेळचं सगळ्यात मोठं दुखणं पार्सल. बसलेलं गिऱ्हाईक वाट बघतंय आणि डोळ्यांसमोर डिलिव्हरीवाली मुलं एकामागून एक पिशव्या उचलून चालली आहेत. "आमची ऑर्डर आधी होती" हे भांडण तिथे होतं. दोन चुली असतील तर गर्दीत एक टेबलांना, एक पार्सलला. भट्टीवर कुवतीपेक्षा जास्त पडलं की ॲपवर तयारीचा वेळ वाढवा किंवा अर्धा तास ऑर्डर थांबवा. मालकांना हे जिवावर येतं. पण समोर बसलेला माणूस या वस्तीतच राहतो. पार्सलची पिशवी निदान मागच्या दाराने किंवा बाजूच्या खिडकीतून जाऊ द्या.

वेटरला एक साधी गोष्ट शिकवा. "तिखट चालेल ना?" असं विचारू नये, सगळे हो म्हणतात. "मीडियम की गाडीवरच्यासारखं?" असं विचारा, उत्तर नेमकं येतं.

६. स्वच्छता गिऱ्हाईक कुठे बघतं

तुम्ही लादी पुसता, गिऱ्हाईक सॉसच्या बाटलीचं तोंड बघतं. सोया, चिली आणि मिरच्या घातलेलं व्हिनेगर या तीन बाटल्यांच्या तोंडाशी वाळलेला काळा थर असेल तर पुढचं सगळं संशयाने खाल्लं जातं. रोज रात्री बाटल्या रिकाम्या करून धुवा, वरून नवं ओतत राहू नका. दुसरं, चिकट मेनूकार्ड. तिसरं, उस्तादाच्या खांद्यावरचा फडका, ज्याने तो घामही पुसतो आणि प्लेटची कडही. भट्टी दिसणाऱ्या हॉटेलात तर सगळी नजर तिथेच असते. प्लेटसाठी कागदी टिश्यू ठेवा. हात धुवायची जागा आणि संडास गर्दीत दर तासाला बघायला एक नाव ठरवून द्या, नाहीतर ते काम कोणाचंच नसतं.

आणि एक्झॉस्ट. घरी गेल्यावर कपड्यांना, केसांना तळणीचा वास आला की बायकामंडळी पुढच्या वेळी "पार्सलच आणा" म्हणतात. चिमणीची जाळी आठवड्याला उतरवून धुवा.

७. पार्सल वीस मिनिटांनी उघडणार आहे

चाखायचं तर तसंच चाखा. डबा भरून वीस मिनिटं ठेवा आणि मग उघडा. क्रिस्पीचा कुरकुरीतपणा बंद डब्यात वाफेने मरतो, म्हणून झाकणाला भोक हवं. ग्रेव्ही गार होताना घट्ट होते, तेव्हा पार्सलला ती थोडी सैल काढा. ट्रिपल राईसचे तीन घटक तीन डब्यांत द्या, मिसळायचा मान गिऱ्हाइकाचा. सूपबरोबरच्या तळलेल्या नूडल्स वेगळ्या पुडीत. पातळ पिशवीत रबर बांधून गरम सूप देणारे अजून दिसतात. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे, दंड होतो तो वेगळाच, आणि सूप घरच्या ओट्यावर सांडतं.

चटणी, टिश्यू, चमचे पिशवीत टाकायची जबाबदारी एकाचीच. "शेझवान चटणी नाही दिली" ही तक्रार क्षुल्लक वाटते, पण पार्सलवाल्या गिऱ्हाइकाचा जीव तिच्यातच अडकलेला असतो.

८. बिल

इथे फार बोलायचं नाही, नियम सरळ आहेत. साध्या हॉटेलांना जीएसटी ५ टक्के, एसी असो वा नसो, १५ नोव्हेंबर २०१७ पासून. कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) असाल तर गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही, तो तुमच्या खिशातून. सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ते उचलून धरलं. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आता लोकांना पाठ आहे. बिलावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी नंबर १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे.

खरी कटकट रकमेची नसते, अचानकपणाची असते. "साधं की बिसलेरी?" असं न विचारता बाटली उघडून ठेवणं, हाफ-फुलमधला फरक न सांगणं, ग्रेव्हीचे जादा पैसे बिलात पहिल्यांदा दिसणं. हाफ किती जणांना पुरतो ते मेनूतच छापा.

९. तक्रार आली की आणि वहीत काय लिहायचं

टेबलावर तक्रार आली तर चूक कोणाची ते नंतर बघा. प्लेट उचला, "बदलून देतो" म्हणा आणि ती प्लेट आत नेऊन स्वतः चाखा. ही शेवटची गोष्ट कोणी करत नाही. खारट होतं, गार होतं, की तिखटाची अपेक्षा वेगळी होती, हे चाखल्याशिवाय कळत नाही. बदललेली प्लेट इतर ऑर्डरींच्या आधी गेली पाहिजे. फुकट आइस्क्रीम वगैरे देऊन सारवासारव करू नका, त्याला राईसच हवा होता.

ॲपवरच्या तक्रारीला ठोकळेबाज "आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत" चिकटवू नका. कोणती तारीख, काय बिघडलं, काय बदललं, दोन ओळींत लिहा. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढचे शंभर जण वाचतात.

काउंटरवर एक साधी दोनशे पानी वही ठेवा. रोज पाच रकाने: परत आलेल्या प्लेटा आणि त्यांचं कारण, उष्ट्यात जास्त काय राहिलं, गर्दीत सगळ्यात जास्त थांबलेल्या टेबलाची मिनिटं, संपल्यामुळे नाही म्हणावं लागलेले पदार्थ आणि त्या रात्री भट्टीवर कोण होतं. उष्ट्याच्या रकान्याकडे दुर्लक्ष नको, कारण आपल्याकडे माणसं तोंडावर "छान होतं" म्हणतात आणि अर्धी ग्रेव्ही ताटात ठेवून उठतात. ॲपच्या चांदण्या महिन्याने हलतात, ही वही आठवड्यात बोलायला लागते. परत आलेल्या प्लेटा एकाच कारागिराच्या पाळीत येत असतील तर त्याला झापण्याआधी त्याच्या पाळीत पळ्या जागेवर टांगलेल्या असतात का, ते बघा.